साधेपणाची अंमलबजावणी

आमचं लग्न अगदी साधेपणानं करायचं, असा ठराव मी आणि माझी भावी पत्नी यांनी एका रविवारी दुपारी एकमतानं मंजूर केला. सभेला आम्ही दोघंच हजर होतो, त्यामुळे मतभेदाला फारसा वाव नव्हता. जवळची माणसं, थोडं खाणं, भरपूर गप्पा, आणि कुणाला वाटलंच तर त्यानं चार शब्द बोलावेत. खर्च आमच्या दोघांच्या पगारात बसेल एवढाच. घरच्यांपुढे हात पसरायचा नाही. भावी पत्नी दातांच्या कवळ्या तयार करणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते. त्या प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावर एक लांबट, उजेडाची खोली आहे. एकसारख्या खुर्च्या भिंतीशी रचून ठेवलेल्या आणि सगळीकडे प्लॅस्टरचा हलकासा वास. मालकानं ती खोली आनंदानं फुकट देऊ केली. इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. अडचण एवढीच, की मी सुलभीकरण विभागात नोकरीला आहे.

आमच्या विभागाचं काम म्हणजे अवघड कार्यपद्धती सोप्या करणं. पूर्वी पत्ता बदलायला एक अर्ज पुरायचा. आम्ही तो इतका सोपा केला, की आता तो समजावून सांगणारी एक पुस्तिका आहे, पुस्तिका समजल्याचं प्रमाणपत्र आहे आणि ते प्रमाणपत्र मिळवण्यासाठी वेगळा अर्ज आहे. लोक हल्ली घरच बदलत नाहीत. या कामगिरीबद्दल विभागाला मानाची ढाल मिळाली. ती मिळावी असा प्रस्ताव मीच लिहिला होता, हे विनम्रपणे नमूद करतो.

भावी पत्नी मला ओळखून होती. म्हणून तिनं त्याच रविवारी एक अट घातली.

"बाबा चार शब्द बोलणार आहेत. काय बोलायचं, कसं बोलायचं, हे त्यांना कुणीही सांगायचं नाही. तू तर नाहीच नाही. बाकी तुला काय गोंधळ घालायचाय तो घाल."

तिचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. माणसं जिथे एकमेकांकडे न बघता गप्प उभी राहतात, अशा जागेत त्यांचा जन्म गेला. बोलायची सवय लागणार कुठून? बायको गेल्यावर मुलीला त्यांनी एकट्यानं वाढवलं, पण तिच्याबद्दल मनात काय आहे ते कधी ओठांवर आलं नव्हतं. ती परीक्षेत पहिली आली तेव्हा ते "हं" म्हणाले आणि तिच्या खोलीतला पंखा काढून साफ करून दिला. भावी पत्नीला लग्नातून दुसरं काही नको होतं. बाबांच्या तोंडून एकदा काहीतरी ऐकायचं होतं, बस. मी शब्द दिला. अगदी तोंडी दिला, जावक क्रमांकाशिवाय.

पहिली शंका माझ्या आईनं काढली. "साधं म्हणजे किती साधं रे? मी चांगले कपडे घालू की रोजचे?"

"तुला आवडतील ते घाल की."

"वा! मी मला आवडतील ते घातले आणि तुझ्या आत्यानं त्याहून साधे घातले, म्हणजे? चारचौघांत मीच नटवी ठरायची!"

मुद्दा बिनतोड होता. कुणाचा गैरसमज होऊ नये म्हणून मी 'साधेपणाविषयक मार्गदर्शक तत्त्वे' हे छोटंसं परिपत्रक काढलं. पाहुण्यांनी मोकळेपणानं वागावं, आरामात बसावं, कोणताही औपचारिकपणा करू नये, अशा निरुपद्रवी चार ओळी होत्या. इथेच आमचं घोडं पेंड खायला लागलं.

मामा वजनमापं तपासणारे निरीक्षक होते. निवृत्त झाले, पण तराजू काही डोक्यातून उतरला नाही. त्यांचा फोन आला. "'आरामात बसावं' लिहिलंयस. मांडी घालून, की पाय पसरून? आणि 'मोकळेपणा' ऐच्छिक आहे की सक्तीचा? संदिग्ध आहे हे." मी दुरुस्तीपत्रक काढलं: मोकळेपणा सक्तीचा आहे. त्यावर आत्या रुसली. मामांना परिपत्रक 'कार्यवाहीसाठी' गेलं होतं आणि तिला नुसतंच 'माहितीसाठी'. "तुझ्या आईकडच्यांनी कार्यवाही करायची आणि आम्ही काय, माहिती घेऊन गप्प बसायचं?" आपलेच दात आणि आपलेच ओठ; बोलणार कुणाला? दोघांनाही सामावून घेण्यासाठी साधेपणा समिती नेमावी लागली. मामा अध्यक्ष, आत्या कार्याध्यक्ष. दोघांत मोठं पद कोणतं, हे मी मुद्दाम संदिग्ध ठेवलं.

समितीनं पहिल्याच बैठकीत, एवढी मोठी जबाबदारी आपल्याला पेलणार नाही, असं प्रांजळपणे मान्य केलं आणि एक सहजता सल्लागार नेमला. सल्लागार अनवाणी आला. खोलीच्या मध्यभागी उभा राहिला, डोळे मिटून श्वास घेतला आणि म्हणाला, "सहजता आपोआप येत नसते. ती आणावी लागते."

आम्ही सगळे भारावलो. मग त्यानं खुर्च्या पाहिल्या. "या सगळ्या एकसारख्या आहेत," तो दुखावल्यासारखा म्हणाला. "ठरवून आणल्यासारख्या वाटतात." म्हणून त्या फुकटच्या खुर्च्या टेम्पोत घालून भाड्याच्या गोदामात पाठवल्या आणि एकमेकींशी न जुळणाऱ्या खुर्च्या भाड्यानं आणल्या. न जुळणाऱ्या खुर्च्यांचा दर जास्त असतो, कारण तशा शोधाव्या लागतात. कप कडेला टवका उडालेलेच हवे होते. बाजारात मिळाले ते सगळे धडधाकट निघाले, पण टवके उडवून देणारा एक कारागीर सल्लागाराच्याच ओळखीचा होता. फोटोग्राफर बेसावध क्षण टिपणार होता. आपण कधी बेसावध असायचं याचं वेळापत्रक त्यानं आगाऊ पाठवलं आणि त्याप्रमाणे आईनं आरशासमोर बेसावध हसायचा सराव सुरू केला.

कमी खर्चाचं लग्न कमी खर्चात होत नाही, हे ज्ञान मला याच काळात झालं. पगारात बसणारं लग्न पगाराला लाथ मारून उभं राहिलं. मी भावी पत्नीच्या अपरोक्ष आईपुढे हात पसरला आणि आईनं तो बेसावध हसून भरला.

भावी पत्नी हे सगळं बघत होती. संध्याकाळी कामावरून सुटली, की हाताला लागलेलं प्लॅस्टर खरवडत विचारायची, "बाबांच्या वाटेला गेला नाहीस ना?"

"छे! काहीतरीच काय!"

"मग चालू दे तुमचं."

आणि मी खरंच गेलो नव्हतो. माझ्यावर विश्वास ठेवा, मी बाबांचं भाषण लिहून दिलं नाही. मी फक्त नमुना दिला. सल्लागार म्हणाला होता, की बोलायची सवय नसलेली माणसं मनापासून बोलायला लागली की फार लांबतात, नाहीतर अडकतात, आणि दोन्ही गोष्टी फोटोत वाईट दिसतात. नमुना म्हणजे काही सक्ती नव्हे, असं आमच्या विभागाचं लेखी धोरण आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी रंगीत तालीम झाली. बाबा चष्मा लावून, कागद डोळ्यांजवळ धरून उभे राहिले. भावी पत्नीनं कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. छत चांगल्या स्थितीत होतं.

"'माझी मुलगी म्हणजे माझ्या अंगणातला...'" बाबा थांबले. "आम्हाला अंगण नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर राहायचो."

"चालतं हो काका, भावना पोचते," सल्लागार म्हणाला. "इथे एक क्षण थांबून डोळे पुसायचे."

"पण मला इथे रडू येत नाहीये."

"उद्या येईल."

बाबांनी कागदाची घडी घातली. चष्मा काढला. मुलीकडे बघितलं. "मला काय म्हणायचंय..." ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम भरून आला.

"अहो, थांबा थांबा!" सल्लागार धावला. "आज नको! फोटोग्राफर आलेला नाही, उजेडही चुकीचा आहे. हे सगळं असंच्या असं उद्यासाठी राखून ठेवा!"

"बरं," बाबा म्हणाले. त्यांनी चष्मा पुन्हा लावला आणि कागदाची घडी उघडली.

भावी पत्नी उठली आणि दाराबाहेर गेली. बाबा तिच्या मागोमाग गेले. मी बाबांच्या मागे गेलो. जिन्याच्या खालच्या वळणावर त्यांनी तिला गाठलं. मी वरच्या पायऱ्यांवर कठडा धरून उभा राहिलो. बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बोलले. एकच वाक्य. नमुन्यातला एकही शब्द त्यात नव्हता. तिनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि लहान मुलीसारखी हमसून हमसून रडली. माझ्याही डोळ्यांना धारा लागल्या, कुणाच्याही सूचनेशिवाय. इतकं खरं मी आयुष्यात काही ऐकलं नव्हतं. मनात फार फार प्रेम दाटून आलं, त्या दोघांविषयी, सगळ्या जगाविषयी. त्या भरात मी दोन पायऱ्या खाली उतरलो आणि म्हणालो,

"बाबा, उद्या हे पुन्हा अगदी असंच म्हणाल?"

बाबा सज्जन माणूस. त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "म्हणेन की. कुठे उभं राहू?"

तिनं मान वर केली. न बसणारी कवळी परत आली की ती जशी बघते, तशी माझ्याकडे बघत राहिली.

"उद्या तू ये," ती म्हणाली. "मी येत नाही."

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. बाबाही आले नाहीत. पाहुणे मात्र वेळेवर आले, न जुळणाऱ्या खुर्च्यांवर परिपत्रकानुसार आरामात बसले आणि सक्तीच्या मोकळेपणानं वागू लागले. बराच वेळ गेला. नवरी कुठेय, असं विचारायचा धीर कुणालाच होईना, कारण तो औपचारिकपणा ठरला असता. मी उभा राहून खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, पण शब्दांऐवजी नुसतंच पाणी आलं डोळ्यांतून. फोटोग्राफर पुढे झेपावला. कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवली.

"काय साधेपणा!" आत्या आईला म्हणाली. "नाहीतर आमच्या वेळी! नवरी लागायचीच!"

"मापात एकदम," मामा म्हणाले.

आमचे विभागप्रमुख तर माझा हात सोडेनात. "नवरी हा टप्पाच गाळलास? आम्ही इतकी वर्षं काम करतोय, कुणाला सुचलं नाही." सल्लागारानं आपलं पाकीट घेतलं आणि अनवाणीच निघून गेला. नवरा मरो की नवरी मरो, उपाध्याला दक्षिणा मिळाल्याशी कारण.

सगळे गेल्यावर मी खाली प्रयोगशाळेत गेलो. ती कुणाच्यातरी खालच्या कवळीची कड घासत बसली होती.

"झालं लग्न?"

"झालं. सगळ्यांना फार आवडलं."

"छान. अभिनंदन."

"सदर प्रकाराबाबत मी मनःपूर्वक दिलगिरी..."

"नीट बोल."

"चुकलो गं. माती खाल्ली मी. शब्द दिला होता तुला आणि मोडला."

ती घासता घासताच म्हणाली, "आधी त्या गोदामातल्या खुर्च्या परत आण. स्वतः आण. टेम्पो नको."

खुर्च्या आणायला बरेच दिवस लागले. दोन्ही हातांत दोन खुर्च्या घेऊन रस्त्यानं जाताना माणसाला विचार करायला भरपूर वेळ मिळतो आणि लोकांना हसायलाही. शेवटची खुर्ची वर चढवली त्या दिवशी तिनं मला चहा दिला. कपाला टवका नव्हता. त्यानंतर दोन महिन्यांनी आम्ही नोंदणी कार्यालयात जाऊन सह्या केल्या. साक्षीदार म्हणून बाबा आणि तिच्या शेजारच्या टेबलावर काम करणारी मैत्रीण. सह्या झाल्यावर तिथली कारकूनबाई सौजन्यानं म्हणाली, "कुणाला काही बोलायचंय का?"

"माझं बोलून झालंय," बाबा म्हणाले. ती हसली आणि त्यांचा हात धरून बाहेर पडली. मी मागून गेलो, तोंड मिटून.

ही हकीकत मी आतापर्यंत पुष्कळांना सांगितली. ऐकणारा सल्लागाराला हसतो, मामांना हसतो, मला तर पोट धरून हसतो. आणि मग हळूच जवळ सरकून विचारतो, "पण जिन्यात बाबा नेमकं काय म्हणाले हो?" तुमच्याही मनात तेच आहे, उगाच मान हलवू नका. मघाशी तो मजकूर तुम्ही मागे जाऊन पुन्हा वाचलात, वाक्य नजरेतून निसटलं की काय म्हणून. निसटलेलं नाही, मी लिहिलेलंच नाही. आणि एका बापानं आपल्या मुलीला म्हटलेलं ते वाक्य, तुमची त्यांची ओळखदेख नसताना, तुमच्यासाठी पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं म्हणून दाखवलं जावं असं तुम्हाला अजूनही वाटत असेल, तर मनाला लावून घेऊ नका. सुलभीकरण विभागात माझ्या शेजारची जागा रिकामी आहे. या, आरामात बसा.