होडीघराच्या वळणावर दहा सेकंद

कॅलम डेवरॉचं पत्र वर्षभर माझ्या खणात पडून होतं आणि मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. आळसामुळे नव्हे. प्रश्न फार सोपा होता. अवघड प्रश्नांची मला भीती वाटत नाही. बॅलरॅटच्या शाळेत ग्रंथपाल म्हणून हयात गेली, त्यामुळे अवघड प्रश्नाचं उत्तर कुठल्या कपाटात असतं हे मला ठाऊक असतं. सोप्या प्रश्नाला कपाटच नसतं.

पत्र एवढंच होतं: "प्रिय मर्विन, एकच शर्यत, एकच वळण. मी एका गाडीला धक्का दिला तर दहा सेकंद आणि रेनरने दिला तर पाच. का? रागावून विचारत नाही. खरंच जाणून घ्यायचंय. कॅलम."

मोटार-शर्यतीत कुणी कुणाला नाहक ठोकलं, तर आम्ही पंच त्याच्या वेळेत सेकंद वाढवतो. पाच म्हणजे कान पिळणं, दहा म्हणजे मुस्काटात. त्या दहांपायी कॅलम तिसऱ्या नंबरावरून सहाव्यावर घसरला आणि चौथऱ्यावर उंचावलेला चषक त्याला संध्याकाळी परत करावा लागला. तोही घरच्या शर्यतीत, कोलॅकहून बसगाड्या भरून आलेल्या गावकऱ्यांच्या डोळ्यांदेखत. रेनर हा कॅलमच्याच केस्ट्रल संघातला पहिल्या मानाचा ड्रायव्हर. तो पाचांवर सुटला.

दोन्ही निकालांखाली सही माझी होती. पंचप्रमुख नोएलीन ब्रॅडीचीही होती, पण ती निवृत्त मॅजिस्ट्रेट. तिची सही पाहून लोक गप्प बसतात. माझी पाहून पत्र लिहितात.

मी पंच कसा झालो हे मलाही नीट सांगता येत नाही. आमच्या मोटार क्लबात नियमांचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेला मी एकटाच निघालो. मी काही बोलायच्या आत डोक्यावर टोपी आणि गळ्यात ओळखपत्र आलं. पगार नाही. दुपारी सॉसेज रोल मिळतात.

पत्राला उत्तरं मी बरीच लिहिली. पहिलं चांगलं लांबलचक झालं होतं, पण शेवटच्या पानावर मीच कॅलमला विचारत होतो की का. ते फाडलं.

यंदा मात्र मी निश्चय केला. "नोएलीन, यंदा आपले निकाल एका साच्यातल्या विटांसारखे निघणार," शर्यतीच्या सकाळी मी तिला सांगितलं. "नुसत्या व्हिडिओवर विसंबायचं नाही. प्रत्येक वेळी जागेवर जायचं, स्वतःच्या डोळ्यांनी टायरचे वण पाहायचे आणि मगच बोलायचं."

"मर्विन, तुला चष्म्याशिवाय समोरचा चहा दिसत नाही."

"चष्मा आणलाय."

"मग चहा पी," ती म्हणाली.

तिसरे पंच दाढदुखीमुळे घरी होते, म्हणून सगळा भार आम्हा दोघांवर. तरी शर्यत शहाण्या मुलासारखी चालली होती. अखेरीला रेनर तिसरा आणि कॅलम त्याच्या शेपटीला चिकटून चौथा. संघाचा मॅनेजर विल्फ हॅरोप ड्रायव्हरांशी रेडिओवर बोलतो ते आम्हालाही ऐकू येतं.

"कॅलम, गाडीला जप," विल्फ म्हणाला.

केस्ट्रल संघात 'गाडीला जप' याचा अर्थ 'रेनरच्या पुढे जाऊ नकोस' असा होतो, हे शर्यतीला येणाऱ्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

"आवाज तुटतोय," कॅलम म्हणाला. आवाज घंटेसारखा खणखणीत होता.

"गाडीला जप म्हणतोय मी."

"जपतोय ना विल्फ. तिला पुढची मोकळी हवा मानवते."

आणि शेवटच्या फेरीत होडीघराच्या वळणावर तो आतल्या बाजूने घुसला. रेनर वळला. दोन्ही गाड्या एकमेकींवर आपटल्या, रेनरच्या गाडीचं नाक मोडलं. कॅलम तिसरा आला, रेनर लंगडत चौथा.

दोघांना सुनावणीचं बोलावणं गेलं. मागच्या गाड्या इतक्या जवळ होत्या की यंदा कॅलमचा नुसता कान पिळला तरी चषक जाणार होता. कोलॅकची मंडळी घडीच्या खुर्च्या आणि बर्फाच्या पेट्या घेऊन प्रेक्षागारात ठाण मांडून बसली होती. निकाल लागल्याशिवाय एकही उठणार नव्हता. मी माझं ओळखपत्र सदऱ्याच्या आत सारलं.

"चल, वण पाहून येऊ," मी म्हणालो. नोएलीनने सुस्कारा सोडला. त्या दिवशी सॉसेज रोल तासन् तास उशिरा, नेमके आम्ही निघतानाच आले. ती पिशवी तिने आपल्या बग्गीत घेतली.

बॅटरीवर चालणाऱ्या या बग्ग्या म्हणजे छप्पर असलेल्या खुर्च्याच. आम्हा दोघांना दोन स्वतंत्र असतात, कारण मी वाटेत मोठ्याने नियम वाचतो अशी नोएलीनची तक्रार आहे. पंचप्रमुखांची बग्गी पुढे, दुसऱ्या पंचाची मागे असा आमचा रिवाज. तो कुठल्याही पुस्तकात नाही. मी शोधलाय.

वळणावर वण होते. काळे, ठसठशीत. आतल्याने ठोकलं म्हणावं तर तसे दिसत, बाहेरच्याने दाबलं म्हणावं तर तसेही दिसत. मी गुडघ्यांवर बसून पाहिलं, मग पोटावर झोपून पाहिलं. "विटेचं काय झालं?" नोएलीनने विचारलं. मी पोटावरची धूळ झटकली.

परतताना तिच्या बग्गीची बॅटरी उतरली होती. ती अंत्ययात्रेच्या चालीने निघाली आणि मी मागे. पिशवीतून रोलचा वास येत होता. तिकडे खोलीबाहेर ड्रायव्हर ताटकळत होते. जन्मात मी कुणाला ओव्हरटेक केलेलं नाही. बँकेच्या रांगेतसुद्धा मी मागच्याला पुढे जाऊ देतो. पण त्या दिवशी मानेपाशी काहीतरी गरम झालं. मी जरा डावीकडे सरकलो.

खिशातल्या रेडिओवर नोएलीन खरखरली. "मर्विन, मागेच राहा."

"आवाज तुटतोय," मी म्हणालो.

हे मी म्हणालो यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

पुढे तळ्याला लागून पायवाट वळते. मी आतल्या बाजूला घुसलो. अर्ध्या वळणापर्यंत मी तिच्या बरोबरीला होतो, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण ती वळली. एक मोठा 'धप्' झाला. माझी बग्गी गवतात रुतली आणि पंचप्रमुखांची बग्गी, पंचप्रमुखांसह, शांतपणे तळ्यात उतरली.

पाणी गुडघाभरच होतं. तिला बाहेर काढायला मी आत उतरलो तेव्हा घसरून बसलो, म्हणून मला गळ्यापर्यंत लागलं. काळे हंस आले. त्यांनी आधी माझी टोपी तपासली, मग पिशवी फोडून सॉसेज रोल संपवले. पंचांसाठी त्यांनी एकही ठेवला नाही.

"तू आतून घुसलास," नोएलीन पाण्यातूनच म्हणाली.

"तू दार लावलंस. मला जागाच सोडली नाहीस."

"मी वळत होते. वळणावर माणसं वळतात, मर्विन."

"मी शेजारी होतो."

"तू माझ्या मांडीवर होतास!"

असेच भांडत, टपटप गळत आम्ही सुनावणीच्या खोलीत शिरलो. विल्फ, रेनर आणि कॅलम उठून उभे राहिले. कॅलमच्या हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"पुसून आणलाय," तो हळूच मला म्हणाला. "म्हणजे परत करायला बरं."

मी काही बोलणार तोच नोएलीन म्हणाली, "बसा सगळे. आधी या गृहस्थाला विचारा, आतून घुसायचा परवाना याला कुणी दिला?"

ड्रायव्हर लोकांसमोर अपघाताचं नाव काढणं म्हणजे मांजरासमोर मासळीची टोपली उघडणं. रेनरचे डोळे चमकले. "कुठल्या वळणावर?"

"तळ्याच्या पायवाटेवर," मी म्हणालो.

"तिथे रस्ता आतल्या बाजूला कललाय," कॅलम म्हणाला. त्याने टेबलावरची टोमॅटो सॉसची बाटली आणि मिठाची डबी पुढे ओढली. "मर्विन, तुम्ही सॉस. बाई, तुम्ही मीठ. आता दाखवा."

आम्ही दाखवलं. दोघंही टेबलावर वाकले.

"ब्रेक कुठे लावलात?" कॅलमने मला विचारलं.

"लावायचा असतो का?"

"तुमचं पुढचं चाक त्यांच्या आरशापर्यंत आलं होतं?" रेनरने विचारलं.

"बग्गीला आरसा नसतो."

"मग सीटपर्यंत?"

"सीटपर्यंत नक्की," मी म्हणालो.

"संपलं तर मग." रेनरने मिठाची डबी उचलून बाजूला ठेवली. "माफ करा बाई, चूक तुमची. आतला शेजारी आला की बाहेरच्याने जागा सोडायची. तुम्ही सरळ दार लावलंत."

"छे, छे," कॅलम म्हणाला. "रेनर, तू उगाच म्हाताऱ्याला पाठीशी घालतोस. मर्विन, मला तुमच्याबद्दल आदर आहे, पण चूक शंभर टक्के तुमची. वेग जास्त, ब्रेक नाही, जागा नाही. आतून घुसणाऱ्याने वळण आपलंच आहे असं समजू नये."

"बाहेरच्याला दिसत होतं ना तो येतोय ते?" रेनरने विचारलं.

"दिसलं म्हणून काय त्याने गवतात जायचं?"

"हो, गवतात जायचं. दोघं तळ्यात जाण्यापेक्षा एकाने गवतात गेलेलं बरं."

"अरे, आतल्याने मुळात घुसायचंच नव्हतं."

"आणि बाहेरच्याने वळायचं नव्हतं. बाहेरचाच दोषी, लिहून घ्या."

सगळ्यांत आधी विल्फच्या लक्षात आलं. त्याने दोन्ही हातांनी चेहरा झाकला आणि तो बोटांच्या फटीतून म्हणाला, "गप्प बसा रे गाढवांनो."

पण नोएलीन आता खुर्चीत ताठ बसली होती. केसांतून पाणी ठिबकत होतं, पण मॅजिस्ट्रेट परत आली होती.

"रेनर, आज होडीघराच्या वळणावर बाहेर कोण होतं?"

रेनर मिठाच्या डबीकडे बघत राहिला. "मी," तो म्हणाला.

"आणि कॅलम, आतून कोण घुसलं?"

कॅलमचे कान लाल झाले. "मी."

'आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं' हे पंचगिरीत मी रोज पाहतो. दोघांनी एकमेकांचा बाब्या कडेवर घेतलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"मर्विन," नोएलीन माझ्याकडे वळली, "तुझी वीट काय म्हणते?"

सगळ्यांसमोर बोलायचा प्रसंग आला की मी एरवी नियमांच्या पुस्तकामागे लपतो. पण टॉवेलातल्या त्या चषकाचा एक कान बाहेर डोकावत होता. "बाहेरचा म्हणतो बाहेरच्याची चूक," मी म्हणालो, "आतला म्हणतो आतल्याची. दोघांचंही खरं असेल, तर दंड कुणालाच नाही. शर्यतीत हे चालायचंच."

"मान्य," नोएलीन म्हणाली आणि ओल्या बोटांनी सही केली.

कॅलमने टॉवेल सोडला नाही. तो चषकासह तसाच धावत बाहेर गेला. थोड्या वेळाने प्रेक्षागारातून भोंग्यांचा असा गलका उठला की तळ्यावरचे हंस उडाले. रेनर दारात थांबला. "पुढच्या वेळीसुद्धा मी गवतात जाणार नाही," तो म्हणाला, आणि मग हसला. विल्फने मिठाची डबी खिशात टाकली. का, ते माहीत नाही.

मला इतकं हलकं वाटत होतं की बग्गीच्या चाव्या द्यायला मी शीळ घालत गेलो. बग्ग्यांचं ठाणं डॅफ्नी सांभाळते. तिने गवतात रुतलेली बग्गी पाहिली होती, तळ्यातलीही.

"चावी ठेव," ती म्हणाली. "या मोसमात तुला बग्गी नाही. पुढच्याही नाही."

मी मान खाली घालून बाकावर बसलो. तेवढ्यात खानावळीतून कुणीतरी लॅमिंग्टनची बशी आणून ठेवली. डॅफ्नीने खोबऱ्यात घोळलेला तो चॉकलेटचा केक एका घासात संपवला, दुसरा घेतला, आणि नोएलीन आत आली.

"अगं बाई, भिजलीस केवढी," डॅफ्नी म्हणाली. "आता आजच्यापुरती काही बग्गी चालवू नकोस हं."

बाहेर सूर्य मावळत होता. आज उरलाच किती होता?

नोएलीन गेल्यावर मी धीर एकवटला. "डॅफ्नी, धडक एकच होती ना?"

"एकच."

"मग मला दोन मोसम आणि तिला एक संध्याकाळ? का? रागावून विचारत नाही. खरंच जाणून घ्यायचंय."

डॅफ्नीने प्रामाणिकपणे विचार केला. तिच्या ओठांना खोबरं लागलं होतं. "का कोण जाणे, मर्विन," ती म्हणाली. "तू आलास तेव्हा मी सकाळपासून उपाशी होते."

आणि मला मागचं वर्ष आठवलं. कॅलमचं प्रकरण आलं तेव्हा नोएलीन घड्याळाकडे आणि मी दाराकडे बघत होतो. रेनरच्या निकालपत्राच्या कोपऱ्यावर टोमॅटो सॉसचा डाग होता.

मी डॅफ्नीकडून एक कार्ड मागून घेतलं आणि तिथेच लिहिलं:

"प्रिय कॅलम, तुझं प्रकरण सॉसेज रोल यायच्या आधी आलं, रेनरचं नंतर. याहून मोठं कारण शोधलं, सापडलं नाही. मलाही दहाच मिळाले. तुझा, मर्विन. ता. क. यंदाही आम्ही उपाशीच होतो. तळ्यात पडलो म्हणून वाचलास."

मग टपालाच्या पेटीपर्यंत गेलो आणि कार्ड आत टाकलं. पेटी बरीच लांब आहे. चालत जावं लागलं.