लक्षविचलित प्रौढ साहाय्यक मंडळ (नोंदणीकृत)

सुभद्रा परब यांना वयाच्या बासष्टाव्या वर्षी धांदरटपणा अधिकृतपणे मंजूर झाला. परळच्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ प्रश्न विचारले आणि निदान केलं, एडीएचडी. लक्ष एका जागी ठरत नाही, हातातलं काम अर्धं टाकून मन भलतीकडे पळतं, आणि हे जन्मापासून असतं.

"आई, हे लहान पोरांना होतं," मुलगा विनीत म्हणाला.

"मलाही लहानपणीच झालेलं रे. तेव्हा त्याला 'कार्टीचं लक्ष कुठाय' म्हणायचे. औषध म्हणून पाठीत धपाटा."

तसं पाहिलं तर लालबागच्या चाळीत हा आजार सुभद्राबाईंना फारसा जाणवलाच नव्हता, कारण तो अख्ख्या मजल्यावर वाटला गेला होता. दूध वर आलं की शेजारच्या रमाबाई गॅलरीतून ओरडत, "गो सुभद्रा, दूध!" घराची किल्ली समोरच्या नानांच्या खुंटीवर असे. विनीतला शाळेतून आणायचं राहिलं, तर ज्याला तो दिसेल तो त्याला बखोटीला धरून घेऊन येई. मग चाळ पडली, टॉवर उभा राहिला, आणि प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र संडास, स्वतंत्र दार आणि ज्याचा त्याचा आजार अखंड स्वरूपात ताब्यात मिळाला.

गेल्या महिन्यात बाई गॅसवर कढई ठेवून तुळशीला पाणी घालायला गेल्या. तिथे वाळलेले कपडे दिसले. कपड्यांवरून बटण आठवलं, बटणावरून शिवणाचा डबा, आणि डब्यात निघाला सासूबाईंचा फोटो. त्या फोटोशी बोलत असताना आगीची घंटा झाली आणि सगळा टॉवर जिन्याने खाली उतरला. सोसायटीने नोटीस दिली. विनीतने निकाल दिला.

"घर बंद कर. डोंबिवलीला चल आमच्याकडे."

डोंबिवलीबद्दल बाईंची तक्रार नव्हती. फक्त उरलेला जन्म सुनेच्या स्वयंपाकघरात पाहुणीसारखं बसून काढायचा नव्हता. त्या म्हणाल्या, "डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, आपल्यासारखी माणसं शोधा, एकमेकांना धरून राहा. मग एकटं राहता येतं."

"शोध. दिवाळीपर्यंत सापडली नाहीत तर टेम्पो बोलावतो."

अशी माणसं दादरला होती, आणि मराठी माणसं असल्यामुळे त्यांचं मंडळ होतं. ते काढलं होतं तीन खऱ्याखुऱ्या लक्षविचलितांनी. परंतु नोंदणीची कागदपत्रं त्यांच्याकडून दोनदा टॅक्सीत राहिली, तेव्हा कुणीतरी शिस्तीचा माणूस घ्यावा असं ठरलं. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले रघुवीर कारखानीस चिटणीस झाले. त्यांना हा आजार नव्हता. आपल्याला कुठलाच आजार नाही, असं ते सांगत. पहिल्याच सभेला उशिरा आल्याबद्दल त्यांनी तिन्ही संस्थापकांना कमी केलं.

सुभद्राबाई पोहोचल्या तेव्हा सभा सुरू झाली होती.

"आपण उशिरा आलात," कारखानीस म्हणाले.

"होय हो. हिंदमातापाशी काचेत एक हिरवी साडी दिसली. अगदी तशीच माझ्या नणंदेच्या डोहाळजेवणाला..."

"कारण लेखी द्या."

"अहो, पण हाच तर माझा आजार ना?"

"आजार मंडळाच्या उद्दिष्टांत आहे, नियमांत नाही."

नियम साधे होते. सलग तीन सभांना वेळेवर हजर राहील, ओळखपत्र हरवणार नाही आणि मागील सभेचं इतिवृत्त चुळबुळ न करता ऐकेल, तोच सभासद. इतिवृत्तात त्याआधीच्या सभेचं इतिवृत्त समाविष्ट असे, त्यात त्याच्या आधीचं. वाचन चालू असताना परळला जाहिरातींची चित्रं काढणारा उन्मेष दोनदा पाणी प्यायला उठला. खोताच्या वाडीत राहणारी वकीलबाई प्राची मध्येच म्हणाली, "सर, सॉरी, पण मला मघाशी एक..."

"मध्ये बोलू नका. मध्ये बोलण्याची वेळ शेवटी आहे."

"शेवटी मला आठवणार नाही ना!"

"मग तो मुद्दा महत्त्वाचा नव्हता."

त्या सभेत उन्मेषचं नाव पाण्यावरून कमी झालं. पुढच्या सभेत प्राचीचं, ओळखपत्र हरवल्यावरून. ते तिच्या गळ्यातच होतं, फक्त पाठीकडे फिरलं होतं. परंतु ठराव संमत झाल्यावर ते सापडलं, सबब उशीर झाला होता. समितीतल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. समितीत कुणालाच आजार नव्हता. वेळेवर येणारे तेवढेच असल्यामुळे निवडणूक बिनविरोध झाली होती.

पुढच्या दोन सभा सुभद्राबाईंनी कशाबशा वेळेवर गाठल्या. आता तिसरी, शेवटची. भिंतीवर चिठ्ठ्या, फोनवर गजर, पदराला गाठ. बाई वेळेच्या आधी पोहोचल्या. फक्त एक दिवस आधी. दाराला कुलूप होतं आणि पायरीवर उन्मेष बसला होता.

"तू कशाला आलास? तुला काढलंय ना?"

"काढलंय? मी पाणी पीत होतो बहुतेक तेव्हा."

तेवढ्यात हरवलेली छत्री शोधत प्राची आली. मग तिघंही एकदम बोलू लागली. कुणी कुणाचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही आणि कुणालाही राग आला नाही. बोलता बोलता बाईंनी टेम्पोचं सांगितलं.

"काकू, मी रोज संध्याकाळी फोन करतो," उन्मेष म्हणाला. "नुसतं 'गॅस' म्हणायचं आणि ठेवायचा."

"तू विसरशील मेल्या."

"मग प्राची मला आठवण करेल."

"आणि मला कोण?" प्राचीने विचारलं.

"काकू करतील. तिघं एकाच वेळी तर विसरणार नाही ना?"

दुसऱ्या दिवशीच्या खऱ्या सभेला जायचं बाई विसरल्या. मंडळाचं पत्र आलं: अर्जदाराचं चित्त स्थिर नसल्याने सभासदत्व नाकारण्यात येत आहे.

दिवाळीआधीच्या रविवारी विनीत आला. त्याने पत्र वाचलं आणि टेम्पोवाल्याचा नंबर काढला. तोच बाईंचा फोन वाजला. प्राचीचा आवाज विनीतलाही ऐकू आला. "काकू, गॅस! उन्मेष विसरला, म्हणून मीच केला. आणि माझी ती फाइल, बँकेत तर नाही राहिली?"

"बँकेतच राहिली असणार. जा पळ!" बाईंनी फोन ठेवला.

विनीत आत गेला. कढईतलं तेल नुकतं धुरावू लागलं होतं. त्याने गॅस बंद केला.

"कोण होती?"

"आमच्यातली."

"मंडळ नोंदवलंय?"

"नाही रे. म्हणून तर चाललंय."

विनीतने फोन खिशात टाकला. "मे महिन्यापर्यंत बघू," तो म्हणाला. त्याच्या घराण्यात याला होकार म्हणतात.

मंडळाचा वार्षिक अहवालही प्रसिद्ध झाला. आजारी असा एकही सभासद आता शिल्लक नाही, आजाराचं समूळ उच्चाटन झालं आहे, असं त्यात नमूद आहे. जागा रिकाम्या आहेत. ही गोष्ट आपण फोनला हात न लावता एका बैठकीत वाचली असेल, तर अर्ज करावा, समितीवर घेतील. मध्येच उठून गेला असाल, तर शनिवारी बाहेरच्या पायरीवर या. तिथे अलीकडे बरीच माणसं जमतात, जागा करून देतात. आल्यावर फक्त एक विचारू नका, की इथला अध्यक्ष कोण.

पण तुम्ही विचारालच. 'कुणी नाही' असं म्हटल्यावर, "मग मी होऊ का?" असंही म्हणाल.