उत्तरेच्या खिडक्या

या शाळेला वीज जवळजवळ लागणारच नाही, असं आर्किटेक्टनं सगळ्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं. वर्गांना उत्तरेकडे जमिनीपासून छतापर्यंत खिडक्या, त्यातून दिवसभर ऊन नाही, नुसता उजेड. दिवे नकोत, पंखे नकोत. शाळा सुरू झाली आणि चौथ्याच दिवशी दुपारी मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला.

"अहो, तुमच्या उत्तरेकडून ऊन येतंय."

"उत्तरेकडून ऊन येत नाही, बाई."

"मग जे येतंय ते येऊन बघा. पोरं कपाळावर हात धरून फळा वाचतायत."

तो गेला. वर्गाची नुसती भट्टी झाली होती. त्यानं मोबाइलमधलं होकायंत्र काढलं. उत्तर जिथल्या तिथे होती. मग सहज त्यानं मोबाइलचं कव्हर काढलं, लोहचुंबकाच्या झाकणाचं, आणि काटा गर्रकन फिरला. खिडक्या सरळ पश्चिमेला होत्या. पाया खणताना मिस्त्री म्हणाला होता, "साहेब, दिवस ह्या अंगाला मावळतो." त्यावर यानं ऐटीत विचारलं होतं, "तुम्हाला जास्त कळतं की मोबाइलला?" ते आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पडदे लावले, तर अंधार झाला. म्हणून दिवे लावले. पडद्यांनी वारा अडला, म्हणून पंखे आणले. दोन दिवसांत बाई कंटाळल्या आणि सगळे वर्ग कुंपणाकडच्या झाडांखाली नेऊन बसवले. त्याची मुलगी तिथेच दुसरीत होती आणि "ही शाळा माझ्या बाबानं बांधली" म्हणून भेटेल त्याला सांगत होती. तो तिला कोपऱ्यावरच सोडून पळ काढू लागला.

वर्षाअखेरीस वीजबचतीची तपासणी आली, तेव्हा त्यालाही बोलावणं गेलं. इमारतीत कुणी बसतच नसल्यामुळे मीटर जेमतेम हललं होतं. अधिकारी बेहद्द खूश झाले. "याच नकाशावर आणखी चार शाळा बांधू," ते झाडाखाली सगळ्यांसमोर म्हणाले.

"बाबानं वर्ग मुद्दामच गरम केलेत," मुलगी उठून म्हणाली. "म्हणजे आम्हाला रोज बाहेर बसायला मिळतं."

अधिकाऱ्यांचं पेन थांबलं. "असं? हे आधीपासूनच ठरलं होतं?"

नुसतं हो म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण चार शाळांतली पोरं त्याच्या डोळ्यांपुढे आली. लेकीकडे बघायची हिंमत होईना. "नाही साहेब. माझी घोडचूक आहे. मला दिशाच कळली नाही."

अधिकाऱ्यांनी फाइल मिटली. "ताबडतोब दुरुस्त करून द्या," एवढंच म्हणाले.

घरी जाताना मुलगी त्याचं बोट न धरता चालत होती.

"लाज वाटली का गं माझी?"

"थोडी वाटली." दहा पावलं गेल्यावर तिनं त्याचं बोट धरलं. "बाबा, दुरुस्त करायला तू किती दिवस लावू शकतोस?"