आरशातला डोंगर

माझ्या भावाने आरशात घेतलेला डोंगर सात दिवसांत जागेवर आणून ठेवावा, अशी नोटीस तलाठी कार्यालयातून आली. त्या दिवशी दादाचा दहावा होता.

दादा, म्हणजे दौलत, आईच्या कपाटाचा आरसा माळावर नेऊन फोटो काढायचा. गवतात आभाळ, तळ्यात कडा, असले. आरशात घेतलेली जागा आरशातच राहते, म्हणून निघताना आरसा तिथेच आडवा करून ती सोडावी लागते. त्या दिवशी अंधारून आलं. उद्या सोडतो, असं तो फोनवर म्हणाला. घाटात मोटारसायकल घसरली. आरशाला ओरखडाही नव्हता.

घरात कुणी गेलं की आरसा झाकतात. चादर मीच टाकली. डोंगर ध्यानातच आला नाही.

नोटिशीमागोमाग बिरूमामा धनगर आला. त्याची अकरा मेंढरं डोंगरावर होती.

"दहा दिवस अंधारात ठेवलीस रं," तो म्हणाला. भांडला नाही, म्हणून जास्त लागलं.

मी चादर काढली. डोंगर होता, मेंढरं होती. आणि डाव्या कडेला निळी बाही, कोपरापर्यंत. आरसा धरताना दादाचा हात आत आला होता. आईला मी सांगितलं नाही.

तलाठी शेवाळेबाईंना विचारलं, बाही ठेवून घेता येईल का. त्या म्हणाल्या, आरशात असेल ते सगळं सोडावं लागतं.

"पण मृत्यूचा दाखला निघालेला माणूस मला जागेवर दाखवता येणार नाही," असंही म्हणाल्या.

"मग तो जाईल कुठं?"

असं प्रकरण आधी आलेलं नाही, एवढंच त्या बोलल्या.

सातव्या दिवशी आरसा चादरीत गुंडाळून टेम्पोत घातला. फाट्यावर माळाकडे वळायचं, मी हायवेला लागलो. कुठं जायचं ठरलं नव्हतं. चार किलोमीटरवर चादरीतून मेंढरं ओरडायला लागली. मी टेम्पो वळवला.

सव्वापाचला शेवाळेबाई आणि बिरूमामासमोर आरसा माळावर आडवा केला. मी खालीच बघत होतो. डोंगर जागेवर बसला, पायाखाली थोडं हललं. मेंढरं उतरली. शेवाळेबाईंनी मोजली तर बारा भरली.

"एक आतच व्याली," बिरूमामा म्हणाला. बाईंनी बारा लिहिलं.

मग त्याने माझ्या पाठीला हात लावला. "बघ की."

आरशात नुसतं आभाळ होतं. डाव्या कडेला निळी बाही. शेवाळेबाईंनी वाकून बघितलं आणि पंचनाम्यात शेवटची ओळ घातली: कोपर एक, वारसाच्या ताब्यात. मला सही करायला वेळ लागतो. त्या थांबल्या.

आरसा परत कपाटाला बसवलाय. आई वेणी घालताना डावी बाजू सोडून उभी राहते. परवा बाहीवर लोकर चिकटलेली दिसली. मी बिरूमामाला सांगितलं.

"पहिलारू होती ती, पहिलंच वेत," तो म्हणाला. "अंधारात कुणीतरी धरली असणार."