श्रावणजींच्या मुंग्या

कसे आहात विचारलं तर आमच्या वाडीत लोक "बरं आहे" म्हणतात. श्रावणजी मुंग्या सांगायचे. "आज डाव्या पायात कमी आहेत गा, पण उजव्यात वरातच निघाली!" उभा जन्म ट्रान्सपोर्टच्या गोदामात मालाची आवक-जावक सांगण्यात गेलेला. सवय जाते थोडीच!

शुगर जुनी, तिनं पायाच्या नसा खाल्लेल्या. डॉक्टरांच्या गोळ्या ते आठवण आली तर घेत. खरी भक्ती पावडरींवर. तीन पुडांचा स्टीलचा डबा सदैव सोबत. माझ्या पुतणीच्या लग्नात पंगतीत त्यांनी तो उघडला, तेव्हा वाढप्याला वाटलं, बुवा भाजी घरूनच घेऊन आले. पहिल्या पुडात रंगीत कॅप्सूल, दुसऱ्यात जांभूळबियांचं चूर्ण, तिसऱ्यात कोण्या एजंटनं गळ्यात मारलेली हिरवी भुकटी. शेजारच्याच्या पानातही चमचाभर वाढायचे. मीही भिडेखातर खाल्ली. लग्नाचं जेवण गेलं बोंबलत, दोन दिवस तोंड कडूजहर!

मग हिवाळ्यात एक दिवस पेढ्यांचा पुडा घेऊन दारात हजर. "मुंग्या गेल्या गा! सप्पा गेल्या!" मला एक दिला, स्वतः दोन खाल्ले. मे महिन्यात तर कहरच. भर दुपारी मला गच्चीवर बोलावलं आणि तापलेल्या फरशीवर अनवाणी उभे राहिले. "पाह्य गा, चटकाबी नाही लागून राहिला! काहून? पावडर!" आणि मी येडा, टाळ्या वाजवल्या. आजही आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत एक ठेवून द्यावीशी वाटते.

श्रावणजींची बायको, सिंधुकाकू, रोज संध्याकाळी त्यांच्या तळपायांना तूप लावून काशाची वाटी घासायच्या. जुना नेम. हे खुर्चीत डोळे मिटून बसत आणि म्हणत, "वा वं! काय थंडगार वाटून राहिलं!"

गच्चीच्या प्रकाराच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या घरी चहा घेत बसलो होतो. काकूंनी पाय उचलून मांडीजवळ घेतला तर टाचेवर रुपयाएवढा फोड, फुटलेला. त्यांनी पाय हळूच खाली ठेवला. वाटी हातातच राहिली. एवढ्यात डोळे मिटलेले श्रावणजी म्हणाले, "वा वं! आज तर लयच बरं वाटून राहिलं."

काकूंना रडू फुटलं. "अवो, मी अजून वाटी लावलीबी नाही."

श्रावणजींनी डोळे उघडले. मग खाली बघत म्हणाले, "मुंग्यासंगं तुह्या हाताचं समजणंबी गेलं वं. पण तू इतक्या जिवानं घासते. तुले कसं सांगू?"

काकूंनी त्याच संध्याकाळी त्यांना रिक्षात घालून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी आधी बिनपाण्यानं केली. मुंग्या गेल्या म्हणजे नसा बऱ्या झाल्या नव्हत्या, आणखी बधिर झाल्या होत्या. रक्तात बी-ट्वेल्व्ह तळाला गेलेलं. त्याची इंजेक्शनं सुरू झाली, शुगरच्या गोळ्या वेळेवर, घरातसुद्धा चप्पल. सगळं परत येईलच असं नाही, पण थोडं येईल, असं डॉक्टर म्हणाले. त्या 'थोडं'वर दोघं नवरा-बायको जगू लागले. एजंटचा फोन काकूंनी असा घेतला की तो पुन्हा आला नाही. जखम भरायला मात्र दिवाळी उजाडली, आणि त्यानंतरच डॉक्टरांनी पायाला वाटी लावू दिली.

परवा संध्याकाळी मी गेलो तेव्हा काकू घासत होत्या. श्रावणजी डोळे मिटून गप्प. हल्ली ते खोटं 'वा' म्हणत नाहीत. अचानक कपाळाला आठी पडली.

"जरा हळू वं."

काकूंचा हात थांबला. "काय म्हणलं?"

"हळू म्हणलं. लागून राहिलं."

काकूंनी पदरानं डोळे पुसले, आणि मुद्दाम, चांगली जोर लावून वाटी फिरवली.

"आई गंऽऽ!" श्रावणजी ओरडले. इतक्या आनंदानं ओरडलेला माणूस मी आजवर पाहिला नाही.