तीन नंबर गप्प आहे

"आजपासून मशीनपाशी कोणी उभं राहायला नको," सोमवारी सकाळी उत्कर्षा वडिलांना म्हणाली.

चाकणच्या कंपनीतल्या आठ प्रेस मशीनसाठी तिने एक स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरचा छोटा प्रोग्रॅम, लिहिली होती. मुख्य स्क्रिप्ट आठ प्रोसेस, म्हणजे मशीनमागे एक अशी धावती कामं, सुरू करणार, प्रत्येकीने आपल्या मशीनची खबर आणायची, आणि जी गप्प बसेल तिला मेली समजून दुसरी सुरू करायची. अकरा वाजता मॅनेजर यशवंतरावांना ते दाखवायचं होतं. जमलं तर नोकरी कायम.

"गप बसली म्हंजे मेलीच व्हय?" वडिलांनी, रंगरावांनी, विचारलं. तीन नंबरच्या मशीनवर त्यांची सव्वीस वर्षं गेली होती.

"पाच सेकंद वाट बघते ती, अण्णा."

"पाच? चहाला गेलेल्या मानसाला आमी धा मिन्टं द्यायचो."

अकराला स्क्रिप्ट सुरू झाली. खबर आणायला सात सेकंद लागत होते, त्यामुळे आठही प्रोसेस पाचव्या सेकंदाला मेल्या ठरल्या. आणखी आठ आल्या. पहिल्या आठ कुठे गेल्या नव्हत्याच. गर्दीने सगळ्याच रेंगाळल्या, म्हणून त्याही मेल्या ठरल्या. थोड्याच वेळात आठ जेवणाऱ्यांच्या पंगतीत चारशे वाढपी घुसले, आणि कॉम्प्युटरने मान टाकली. यशवंतरावांनी दुसरा चहा मागवला. अण्णांचे फोन येत होते, ते उत्कर्षाने तीनदा कापले.

बाराला गेटवरून निरोप आला, "मॅडम, तुमचे वडील आलेत. पाना घेऊन."

तीन नंबर गप्प झाली की मेसेज जावा म्हणून चाचणीसाठी घातलेला अण्णांचा नंबर तिने काढलाच नव्हता. 'तीन नंबर गप्प आहे' हा मेसेज चऱ्होलीत घरी त्यांना एकोणपन्नास वेळा गेला होता.

रंगरावांनी मशीनवर हात ठेवला. "ह्ये तर चालू हाय. उगं मारताय त्याला."

उत्कर्षाने पाच सेकंदांच्या जागी दहा मिनिटं लिहिली आणि स्क्रिप्ट पुन्हा सुरू केली. आठच प्रोसेस राहिल्या, आठही जिवंत.

"हे कुणाला सुचलं?" यशवंतरावांनी विचारलं.

"मला, सर."

अण्णा पाना धरून शेजारीच उभे होते. संध्याकाळी ते एवढंच म्हणाले, "कायम झालीस न्हवं?"

मंगळवारी सकाळी तिने चहासाठी हाक मारली, तर ते उठले नाहीत. डॉक्टर येईपर्यंत ती हाका मारत राहिली. दहा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती.

तेराव्यानंतर ती कामावर गेली. नव्याने लागलेली वर्षाली स्क्रीनपाशी बसली होती. "मॅडम, तीन नंबर गप्प आहे. दुसरी सुरू करू?"

"थांब."

सातव्या मिनिटाला तीन नंबरची खबर आली. यशवंतराव हसले. "बघ वर्षाली, याला डोकं म्हणतात."

"माझं नाही, सर," उत्कर्षा म्हणाली. "पाना घेऊन आले होते ना, त्यांचं."