पोऱ्या घरी का बसलाय?

आराम कसा करायचा, हे मला कोणी शिकवायची गरज नाही, अशी सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यापर्यंत माझी पक्की समजूत होती. त्या एप्रिलमध्ये इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, मशीन डिझाइनच्या पेपरात माझे हात थरथरायला लागले, आकडे एकमेकांत मिसळले आणि मी पेपर अर्धा टाकून उठलो.

डोक्याचे डॉक्टर गुजराती, माणूस सज्जन. म्हणाले, "भाई, मगज थाकी गयुं छे. दीड महिना रोज एक गोळी घे, चोपडीला हात लावायचा नाही. झाडांना पाणी घाल, चित्रं काढ, संध्याकाळी हळूहळू फिर, गाणं गुणगुण. नाहीतर जुलैत परत पेपरला बसशील आणि परत उठशील."

जुलैत परत उठायची मला खरोखर भीती वाटत होती. एक वर्ष गेलं असतं आणि बहुतेक मीही गेलो असतो. म्हणून घरी येताच मी वहीचं पान आखलं आणि आरामाचं टाइमटेबल केलं. सात ते साडेसात कुंड्या. पावणेआठ ते नऊ चित्रकला. मधली पंधरा मिनिटं निवांतपणा. इतक्या काटेकोरपणे आराम करणारा माणूस अख्ख्या सुरतेत दुसरा नसेल!

आता आमचं घर डिंडोलीत. गल्लीतले सगळे आमच्यासारखेच खानदेशातून आलेले, कोणी अमळनेरचे, कोणी शिरपूरचे. इथे कुणी शिंकलं तर तिकडे गावात विचारपूस सुरू होते. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या उषाबाई दारात उभ्या.

"सुंदराबाई, पोऱ्या घर काबरं बठेल शे? बाकीना पोरे ते पेपरले जाई राहिनात."

आई गडबडली. डोक्याच्या डॉक्टरचं नाव निघालं तर लोक पोराला वेडा ठरवतील आणि उद्या त्याला कोणी मुलगी देणार नाही, ही तिची धास्ती. त्या धास्तीत ती बोलून गेली, "मीच घर ठेवेल शे त्याले. यंदा पोरी दखान्या शेतस."

मला मुलगी मिळावी म्हणून आईने आजार लपवला, हे मी समजू शकतो. पण तिने तो लपवायला जागा कुठली शोधली, तर यंदा मुली बघायच्या आहेत या सबबीमागे! तिसऱ्या दिवशी भुसावळ पॅसेंजरने पहिली मंडळी उतरली.

आमच्यात आधी मुलीकडचे येऊन मुलगा आणि घर बघून जातात. मी सात वाजता कुंड्यांना पाणी घालत होतो, तर पाच माणसं ओट्यावर ओळीने बसून ते बघत होती. "पाणी मापात घालतो, उधळ्या नाही," एकाने शेरा मारला. संध्याकाळी मी डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे हळूहळू फिरायला निघालो, तर मुलीच्या मामाला माझ्या पायात दोष दिसला.

"जरासं चालीसन दखाडा."

मी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलो.

"आते पळीसन दखाडा."

पळालो. काय करणार!

दुसऱ्या मंडळींनी माझं तापी नदीचं चित्र पाहिलं आणि स्वतःच्या गोडाऊनचा नकाशा काढून मागितला. मी मेकॅनिकलचा आहे म्हटल्यावर त्यांनी विहिरीवरच्या बिघडलेल्या मोटारीची लक्षणं सांगायला सुरुवात केली. तिसऱ्या मंडळींनी मला गुणगुणताना ऐकलं आणि नानांना बाजूला घेऊन विचारलं, "पोऱ्या पेस का?" म्हणजे दारू पितो का.

नाना म्हणजे माझे वडील. पांडेसऱ्याच्या कापड रंगवणाऱ्या प्रोसेस हाउसमध्ये बारा तासांची पाळी करून यायचे, नखांतला रंग निघायच्या आत पाहुण्यांसमोर बसायचे आणि बसल्याबसल्या झोपायचे. पाहुणे म्हणायचे, व्याही शांत स्वभावाचे आहेत.

आई तर कामाने पार मोडली. उन्हाळ्याचे पाहुणे म्हणजे आंब्याचा रस आणि मांडे आलेच. ती रोज पहाटे अंगणात चूल पेटवून खापर ठेवी आणि दोन्ही हातांवर मांडे फिरवत राही. तिची मनगटं सुजली. माझ्या हाताची थरथर परत सुरू झाली. आमच्या घरात माझ्या आरामाने तीन माणसं थकली.

पाचवे आले दोंडाईच्याचे धुडकूआप्पा. त्यांनी मला चालवलं नाही, पळवलं नाही. पिशवीतून थेट नारळ आणि सुपारी काढली. सुपारी फुटली की लग्न पक्कं.

"पोऱ्या बेस शे. फोडूत," ते म्हणाले.

मी आईकडे पाहिलं. ती दाराआड पदर तोंडाला लावून उभी होती. तिची दया आली, पण माझी मला जास्त आली.

"आप्पा, मला टेन्शनचा आजार आहे," मी म्हणालो. "डोक्याच्या डॉक्टरची गोळी चालू आहे."

आईने डोळे मिटले. आप्पांनी सुपारी खाली ठेवली.

"टेन्शन? ते ते माले बी शे. माले तीन पोरी शेतस. कोनती गोळी?"

मी पाकीट दाखवलं. त्यांनी नाव चिठ्ठीवर उतरवून घेतलं, चिठ्ठी टोपीत खोचली आणि नारळ पुन्हा हातात घेतला. माझा शेवटचा आधार गेला. तेवढ्यात नाना दचकून जागे झाले. आपण कुठपर्यंत आलोय याचा त्यांना पत्ता नव्हता. ते भाबडेपणाने म्हणाले, "पेपर अर्धा सोडीसन उना ना तो. नापासच व्हई."

आप्पांनी नारळ पिशवीत टाकला. सुपारी मोजून परत घेतली.

"नापास? हाई आधी काबरं नही सांगं?" असं म्हणून ते रस-मांडे व्यवस्थित जेवले आणि दुपारच्या पॅसेंजरने निघून गेले.

संध्याकाळपर्यंत बातमी गल्लीभर झाली. दुसऱ्या दिवशी कोणी आलं नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मी घरी का बसलोय, हे कोणी विचारेना. नापास झालेला मुलगा घरी बसतोच, त्याला वेगळं कारण लागत नाही. उषाबाई तर आमच्या दारावरून जाताना आवाज न करता जायला लागल्या.

आई भिंतीला टेकून बसली होती. "पहिलेच नापास सांगी देनं व्हतं रे," ती म्हणाली आणि भरदुपारी झोपली. तिला दिवसा झोपलेली मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो. मला फार वाईट वाटलं. मग मीही झोपलो.

पुढचे चार आठवडे असे शांततेत गेले. जुलैत पेपर दिला, शेवटपर्यंत बसलो आणि चक्क पास झालो. ही गोष्ट मात्र आम्ही गल्लीत अजून कोणाला कळू दिलेली नाही.